वाढत्या मापाचं जॅकेट

अमरावती,
शनिवार, ३१ जानेवारी

ती. सौ. बेबीताईस,

धाकट्या कमलाकांताचा साष्टांग नमस्कार. (अडुसष्ट वर्षांच्या बाईला बेबी लिहिताना पेन अडखळतं, पण तुझं खरं नाव घरात कुणाला आठवत नाही आणि रेशनकार्डावर जे आहे ते तू स्वतःच मानत नाहीस.) इकडे आम्ही दोघं ठीक. तुझे गुडघे काय म्हणतात? मी पाठवलेलं तेल लावतेस, की मागच्या तेलासारखं तेही दाराच्या बिजागऱ्यांना गेलं? भाऊजींची शुगर आटोक्यात असेल अशी आशा करतो. मागच्या खेपेला तुमच्या जठारपेठेत आलो होतो तेव्हा डॉक्टरांनी बंद केलेली जिलबी ते त्याच डॉक्टरांच्या मुलाच्या लग्नात खात होते, आणि डॉक्टर वाढत होते, म्हणून विचारलं. अकोल्याला अजून तापायला लागलं नसेल. महिनाभर सुख भोगून घ्या.

पत्र कशाला, फोन मोडला का, असं तू म्हणशील. फोन धड आहे. पण तुझा फोन भाऊजी उचलतात, उचलल्याबरोबर स्पीकर लावतात, आणि मग माझं बोलणं तुझ्याआधी समोरच्या किराणा दुकानात पोचतं. इकडे माझा फोन विमलच्या कानाच्या टप्प्यात असतो, आणि हे प्रकरण विमलचंच आहे. म्हणून कित्येक वर्षांनी पोस्टात गेलो. तिथल्या बाईंनी माझ्याकडे कीवेने पाहिलं आणि दोन ड्रॉवर उपसून एक पाकीट काढून दिलं.

तर काम एवढंच आहे. तू विमलला फोन करायचा आणि सांगायचं की या वयात समुद्राच्या तळाशी जाणं बरं दिसत नाही. 'वन्सं म्हणाल्या' म्हटलं की ती थांबते. माझंही ती ऐकते, पण ऐकून घेते आणि तेच करते. सगळी हकीकत पहिल्यापासून लिहितो, म्हणजे चूक कुणाची ते तुलाच ठरवता येईल. (माझी नाही, हे वाचता वाचता ध्यानात येईलच.)

आपली अदिती दोन वर्षांपूर्वी नागपूरची बँकेतली पक्की नोकरी सोडून अंदमानला गेली हे तुला ठाऊक आहे. तिथे ती लोकांच्या पाठीवर हवेची टाकी बांधून त्यांना समुद्रात नेते, मासे दाखवते आणि परत आणते. याचा पगार मिळतो म्हणे. ती निघाली त्या दिवशी मी तिला काय बोललो तेही तुला ठाऊक आहे, कारण तू इथेच होतीस आणि गॅसजवळ वरण ढवळत होतीस. 'तोंड दाखवू नकोस' असं मी म्हणालो नव्हतो. 'बुडालीस तर मला कळवू नकोस' एवढंच म्हणालो होतो. दोन्हींत फरक आहे, पण तो समजून घ्यायला त्या दिवशी कुणाला वेळ नव्हता. तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत असं विमल सगळ्यांना सांगते, ते मात्र साफ खोटं आहे. आम्ही दर रविवारी बोलतो. विमल फोनचा स्पीकर लावून तो टेबलावर ठेवते. अदिती म्हणते, आई, बाबांना सांग गोळ्या वेळेवर घ्यायला. मी म्हणतो, तिला सांग घेतो म्हणून. विमल कुणालाच काही सांगत नाही, ती वाटाणे सोलत असते. (आवाजाला पुढे जायला माध्यम लागतं हे मी शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं. माध्यम वाटाणे सोलत बसलं तरी चालतं, हे पुस्तकात नव्हतं.)

दिवाळीनंतरच्या रविवारी ती म्हणाली, आई, मी आता शिकवायची परीक्षा पास झाले, आता मी शिक्षिका. माझे पहिले विद्यार्थी तुम्ही दोघं व्हावं असं फार वाटतं. मार्चमध्ये या. पोहता येत नसलं तरी चालतं, मी हात सोडणार नाही. आणि बाबांना सांग, काही म्हणता काही विकत घेऊ नका, सगळं सामान इथे आहे. फक्त दोघांच्या छातीचं आणि पोटाचं माप कळवा, म्हणजे मी बरोबर मापाची जॅकेटं बाजूला काढून ठेवते. विमलने त्याच संध्याकाळी ब्लाउज शिवणाऱ्या बाईंकडे जाऊन आपलं माप आणलं आणि कळवलंसुद्धा. तिकिटंही काढली, दोघांची, १० मार्चची. माझं माप मात्र अजून गेलेलं नाही. दर रविवारी अदिती विचारते, आई, बाबांचं माप? आणि मी म्हणतो, तिला सांग, अभ्यास चालू आहे.

आता या अभ्यासाबद्दल. हे जॅकेट थंडीचं नव्हे. बिनबाह्यांचं असतं, आत रबरी पिशवी. पिशवीत हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो, आणि अगदी नेमकी भरली तर ना वर ना खाली, मधल्यामध्ये लटकून राहतो. (सेवानिवृत्त माणसाला ही अवस्था नवी नाही.) म्हणजे सगळा मामला आर्किमिडीजचा. तो मी चंचुपात्र, दगड आणि स्प्रिंगचा काटा घेऊन तेहतीस बॅचेसना शिकवला. अदितीलासुद्धा मीच शिकवला, आणि चाचणीत तिने त्या प्रश्नाला पाचापैकी दोन गुण मिळवले होते. (मीच दिले होते. आता वाटतं, तीन देता आले असते.) तिने मला तरंगण्यावर सल्ला द्यावा म्हणजे काय ते तूच बघ.

मी जुन्या प्रयोगवह्यांच्या कोऱ्या पानांवर तक्ता आखला. जॅकेटांचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात हवेची पिशवी अंगाभोवती सगळीकडून असते; त्यात माणूस पाण्यावर खुर्चीत बसल्यासारखा सरळ राहतो, पण पोट आवळलं जातं. दुसऱ्यात पिशवी फक्त पाठीमागे. पाण्याखाली आडवं पोहायला फार सोयीचं, मात्र वर आल्यावर हवा जास्त भरली तर ते मागून ढकलतं आणि तोंड पाण्यात घालायला लावतं. तिसरा प्रकार प्रवासाचा. पाठीला कडक काही नाही, पिशवी लहान, घडी केली तर दप्तरात मावतं आणि दोरीवर टाकलं की दुपारपर्यंत वाळतं. अदितीने विमलला सांगितलं की अंदमानचं पाणी उबदार, तिथे जाड सूट लागत नाही. सूट पातळ म्हणून बुडायला कंबरेला बांधायचं शिसं कमी, शिसं कमी म्हणून हवाही कमी लागते, तेव्हा उबदार पाण्यात लहान पिशवीचं हलकं जॅकेट सगळ्यात बरं. पण लहान असो की मोठं, ते अंगाला घट्ट बसलं पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. हे ती मला म्हणाली नव्हती, विमलला म्हणाली होती, म्हणून मी ते ऐकलं नाही असं धरून चाललो. शिवाय उबदार पाण्याचं कौतुक आपल्याला कुणी सांगावं? एप्रिलमध्ये दुपारी आमच्या गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला तर त्यात कुकरशिवाय तांदूळ शिजेल.

भाड्याचं जॅकेट घालायचं नाही हे माझं पहिल्या दिवसापासून ठरलं होतं. कारण त्या जॅकेटला एक नळी असते आणि तिला तोंड लावून फुंकता येतं. म्हणजे आजवर जितके पर्यटक येऊन गेले त्या सगळ्यांची उष्टी नळी. आपल्या आईने पाहुण्याचा पेला राखेने घासून वेगळा ठेवला, आणि तिच्या मुलाने साऱ्या जगाची नळी तोंडात धरायची? विमल म्हणाली, धुतात ती. मी म्हटलं, धुतल्याने उष्टं जात नाही, फक्त ओलं होतं. (भाड्याच्या सूटमध्ये पाण्याखाली लोक आणखी काय काय करतात तेही अदितीने आईला हसत हसत सांगितलं. ते मी तुला लिहीत नाही. भाऊजी तुझी पत्रं वाचतात.)

म्हणून स्वतःचं घ्यायचं. मुंबईच्या एका दुकानाला फोन लावला. तो विक्रेता सभ्य होता, त्याला दोष देत नाही. त्याने विचारलं, कुठल्या समुद्रात उतरणार. मी म्हटलं, उतरायचं अजून ठरायचं आहे. त्याने छाती-पोटाचं माप विचारलं. म्हटलं, ते जिला दोन-अडीच महिने दिलेलं नाही ती माझी मुलगी आहे, तुम्हाला कसं देऊ? मग मी माझा मुख्य प्रश्न विचारला, तुमच्याकडे सगळ्यात वजनदार कोणतं? त्याने प्रश्न पुन्हा विचारायला लावला. लोक सगळ्यात हलकं कोणतं ते विचारतात, असं तो म्हणाला. लोकांचं लोक बघतील. आपल्या घरात पातेलं घेताना आईने कधी त्याचा रंग पाहिला का? हातात घेऊन वजन पाहायची, टिचकी मारायची आणि जे जड ते घ्यायची. तीच पातेली आज तुझ्याकडे आहेत, मला एकही मिळालं नाही, पण ते असो. त्या माणसाकडे पाठीला पोलादी पाट असलेलं एक जॅकेट निघालं, पिशवी मागे, आणि तीही सगळ्यात मोठी. हे थंड देशातल्या समुद्रासाठी, जाड सूटवाल्यांसाठी आहे, तुम्हाला याचा उपयोग नाही, असं त्याने दोनदा बजावलं. मी म्हटलं, अमरावतीलाही जानेवारीत थंडी असते.

राहिलं माप. तेही सगळ्यात मोठं घेतलं. यात चूक कुठे झाली ते मला अजून कळत नाही. आपल्याकडे कुठला कपडा बरोबर मापाचा घेतला आहे? शाळेचा सदरा दोन वर्षं पुढचा, स्वेटर तीन वर्षं पुढचा, आणि माझ्या मुंजीतला कोट तर मी थेट बी.एस्सी.च्या निरोप समारंभाला घातला. वाढत्या मापाचं घेतलं म्हणजे घरात सगळ्यांना येतं. उद्या भाऊजींना बुडी मारावीशी वाटली तर? त्यांच्या पोटाचा विचार मी केला, विमलने केला नाही.

खोकं आलं. विमलने ते रद्दी मोजायच्या काट्याला लटकवलं. सहा किलो. विमानात माणशी पंधरा किलोच नेता येतं. तिने अदितीसाठी कुरडया, सरगुंडे, लिंबाचं लोणचं, लाल तिखट आणि गोडांबी अशी दोन महिन्यांची तयारी करून ठेवली होती, आणि मी माझ्या पंधरातले सहा आधीच पाण्यात घातले होते. ती भांडली नाही. काट्याकडे बघत एवढंच म्हणाली, एवढ्या वजनात तिच्या दोन वर्षांच्या राहिलेल्या कुरडया मावल्या असत्या. आणि आत जाऊन कणीक मळायला लागली. ताई, ती भांडते तेव्हा मला सोपं जातं.

आता प्रयोग. प्रयोगावाचून मी शास्त्र मानत नाही. अंजनगाव सुर्जीला माझा जुना विद्यार्थी जानराव आहे. दहावीत भौतिकशास्त्राने त्याला दोनदा थांबवलं, म्हणजे मीच थांबवलं. आज त्याचा पानमळा आहे, केळी आहेत, आणि पायऱ्यांची बांधीव विहीर आहे. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात एसटीने गेलो. जानरावने चहा पाजला, जॅकेट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, सर, ह्ये त बैलाचं खोगीर दिसून राह्यलं. मी त्याला तरंगण्याचा नियम समजावून सांगितला. त्याने आदराने ऐकला, आणि मग सरळ जाऊन मोटरीचा दोर आणला अन् माझ्या काखेखाली बांधला.

हवा भरायची वेळ आली. टाकी अर्थातच नव्हती, तोंडानेच फुंकायचं होतं. मी चार फुंका मारल्या आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. जानराव म्हणाला, द्या इकडे. आणि मी हां हां म्हणेपर्यंत त्याने नळी तोंडात घालून भात्यासारखी हवा भरली. त्याच्या तोंडात त्याच्याच मळ्यातलं पान होतं. साऱ्या जगाचं उष्टं टाळायला ज्या नळीपायी मी एवढा खटाटोप केला, ती पहिल्याच दिवशी आतून बाहेरून लाल झाली. मी डोळे मिटले आणि ही नळी आता तोंडात धरायचीच नाही असं ठरवलं.

त्या जॅकेटला आणखी एक पट्टा होता, तो दोन पायांमधून पुढे घ्यायचा असतो. तो मी काढून ठेवला. विहिरीच्या काठावर पानं खुडणाऱ्या सात-आठ बाया येऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्यापुढे त्या पट्ट्यात उभं राहणं माझ्या पेशाला शोभलं नसतं. कंबरेचा पट्टा जानरावने करकचून आवळला. तो टोचत होता, नुकतंच त्याच्याकडे भाकर-वांगं झालं होतं, म्हणून त्याची पाठ वळल्यावर मी तो हळूच दोन बोटं सैल केला. आणि पायऱ्या उतरलो.

ताई, सहाव्या पायरीला पाणी लागलं. गार होतं. तो वास आला, शेवाळाचा आणि ओल्या दगडाचा, आणि मी त्रेपन्न वर्षं मागे गेलो. आजोळची विहीर. मी नऊ वर्षांचा, तू पंधराची. तू माझ्या पाठीला वाळलेला भोपळा बांधला होतास आणि म्हणाली होतीस, मी आहे. पुढचं तुला माहीत आहे. भोपळा एकीकडे गेला, मी दुसरीकडे, आणि तू माझे केस धरून मला वर काढलंस. गाठ सैल राहिली असं घरी ठरलं. आईने तुला फुंकणीने मारलं आणि तुझं पोहणं त्या दिवशी बंद झालं, ते कायमचं. मी तुला कधी दोष दिला नाही. (सगळ्यांनी दिला, मी फक्त गप्प बसलो होतो.) त्यानंतर मी बादलीपेक्षा खोल पाण्यात पाय घातलेला नाही. आर्किमिडीज मी शिकवला तो सगळा चंचुपात्राच्या मापाचा. हे विमलला ठाऊक नाही. तिला वाटतं मला सर्दीचा त्रास आहे.

तरी उतरलो. पाय सुटले आणि जॅकेट तरंगलं. अगदी छान तरंगलं, नियमाप्रमाणे. मी मात्र त्याच्याबरोबर गेलो नाही. ते सरकत सरकत माझ्या कानांवर आलं, माझे दोन्ही हात वर झाले, आणि मडक्यात ठेवलेल्या रवीसारखा मी त्याच्यात लोंबत राहिलो. मग पाठीमागची ती भली मोठी पिशवी आपलं काम करायला लागली आणि तिने माझं तोंड पाण्यात घातलं. शास्त्रातलं एक अक्षर खोटं ठरलं नाही. मला ओरडायचं होतं, पण पाणी तोंडात होतं. कुणाला हाक मारणार होतो ते तुला सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. मी तुझं नाव घेत नव्हतो, विमलचंही नाही. मला अदितीला हाक मारायची होती.

जानरावने दोर ओढला. काठावर आल्यावर खोकून खोकून डोळे बाहेर आले. केशरबाई म्हणून एक वयस्क बाई होत्या, त्यांनी पाठ चोळली आणि विचारलं, मास्तर, आमी पोट्ट्यायले भोपया बांधून सोडतो, तुमी काहून पोत्यात शिरून राह्यले? मी कानातलं पाणी झटकलं. जानरावने अंगावर घोंगडं टाकलं आणि म्हणाला, सर, वाढत्या आंगाचा कपडा पोट्ट्याले घ्या लागते. तुमचं आंग आता कुठी वाढून राह्यलं? थे त आटून राह्यलं. मग म्हणाला, पोरीनं काय मांगलं होतं? मी म्हटलं, माप. तो म्हणाला, मंग द्या ना. मी म्हटलं, तुला कळायचं नाही जानराव. तो म्हणाला, मले दोन डाव नापास केलं तुमी सर, पन ह्ये त मलेबी कयते.

तर ताई, प्रयोगाने सिद्ध झालं की पाणी धोक्याचं आहे आणि आपल्या घराण्याला ते मानवत नाही. तेव्हा तू विमलला फोन कर. म्हण की गुडघे फार दुखतात, मार्चमध्ये इकडे येऊन राहा. तिकिटं २० फेब्रुवारीपर्यंत रद्द करता येतात. ती मुळूमुळू रडेल, पण दोन दिवसांत सावरेल. अदितीला काय सांगायचं ते विमल बघेल. अदिती समजूतदार आहे, काही म्हणणार नाही. तेव्हाही नव्हती म्हणाली.

भाऊजींना नमस्कार सांग. (भाऊजी, तुम्ही हे वाचत असालच, तर नमस्कार.) गुडघ्यांना जप, आणि मोठेपणी केलेला मूर्खपणा लहानपणासारखाच पोटात घे.

तुझा,
कमलाकांत

ता. क. १ : (रविवार) पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो तेवढ्यात अदितीचा फोन आला. विमलने नेहमीसारखा स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला. अदिती म्हणाली, आई, बाबांचं माप? नेमकं तेव्हाच दूध उतू गेलं आणि विमल आत धावली. टेबलावर फोन, इकडे मी, तिकडे ती, मध्ये कुणी नाही. मी सवयीने म्हटलं, तिला सांग... आणि थांबलो. तिकडूनही काही आवाज येईना. मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, बाबा, मी ऐकतेय. दोन वर्षांनी पोरीशी काय बोलावं, ताई? तेहतीस वर्षं मी पंचेचाळीस मिनिटं न थांबता बोललो आहे. मी म्हणालो, दूध उतू गेलं. ती म्हणाली, हं. आणि मग हसली, अगदी तुझ्यासारखी, नाकातून. तेवढ्यात विमल परत आली आणि वाटाण्यांना बसली. तेव्हा विमलला फोन करू नकोस. गुडघे दुखत असतील तर औषध घे.

ता. क. २ : ते जॅकेट भाऊजींसाठी मागू नकोस. जानरावने त्यावर मोटर बांधून विहिरीत सोडली आहे. पाणी चढलं की ती वर येते, उतरलं की खाली जाते. सगळे पट्टे त्याने बरोबर आवळले, पायांमधला सुद्धा. त्याला मी दोनदा नापास केलं होतं. त्याच्या एका उत्तरपत्रिकेबद्दल मला आता शंका वाटायला लागली आहे.

ता. क. ३ : भोपळ्याची गाठ सैल नव्हती. तू नीट बांधली होतीस. ती मला टोचत होती म्हणून तुझी पाठ वळल्यावर मीच सोडली होती. तू मार खाल्लास, तुझं पोहणं गेलं, आणि मी चुलीमागे बसून गूळ खात होतो. त्रेपन्न वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. माझं फार चुकलं, ताई. आपल्या घरात पाण्याची हौस होती ती तुला. माझ्यामुळे तुझी गेली, आणि मग ती अदितीत उतरली तर तिचीही मी घालवायला निघालो होतो. तू त्या दिवशी वरण ढवळत असताना काहीच का बोलली नाहीस, याचा मी हल्ली विचार करतो.

ता. क. ४ : एक काम आहे. खरं म्हणजे एवढंच काम होतं. खालचा मजकूर तुझ्या फोनवरून अदितीला पाठव. विमलकडे देत नाही, ती पेढे वाटेल.

छाती सदतीस, पोट एकोणचाळीस. श्वास आत न ओढता मोजलं आहे.

आणि तिला म्हणावं, पट्टे तू तुझ्या हाताने आवळ. टोचले तरी मी सोडणार नाही.